आजीची सही

परवा एका लग्नात आम्ही पन्नाशी ओलांडलेले चार-पाच जण कोपऱ्यात बसलो होतो. जेवणं झाली होती, आणि विषय कसा कोण जाणे बँकेवर आला. मग काय विचारता! पितळी बिल्ला निघाला, नंबर कोरलेला, हातात घेतला की चांगला जड लागायचा. जाळीमागचा कॅशिअर, त्याच्यापुढची ओल्या स्पंजची डबी, दोरीने बांधलेलं पेन (टोपण कधीच नसायचं). नोटांच्या गड्डीच्या पिना काढताना नखं तुटायची, तेही निघालं. रिझर्व्ह बँकेने २००१ साली पिना मारणं थांबवून कागदी पट्ट्या लावायला सांगितलं, तोवर आपल्या खिशातली जवळजवळ प्रत्येक नोट भोकं पडलेली असायची. आठवतंय ना?

"तेव्हा बँकेत माणसाला नावाने ओळखायचे रे," एक जण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी येताना गाडीत आजी आठवली, आणि ती मान डोलावणं जरा टोचायला लागलं.

आजीचं गाव तळेघरच्या पुढे, भीमाशंकरच्या अंगाला. भात, नाचणी, वरई घरात खायला. रोख पैसा म्हणाल तर हिरड्याचा. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा, अंगणात वाळवायचा, पोत्यात भरून खाली न्यायचा. त्याचे पैसे ती बँकेत टाकायची. कोणती बँक ते सांगत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको. भीमाशंकरची एसटी पकडून आम्ही खाली उतरायचो. साल १९८२-८३ असावं, मी दहा-अकरा वर्षांचा. माझं काम म्हणजे पिशवी धरणं आणि स्लिप भरणं.

आजी अंगठेबहाद्दर. पैसे काढायचे तर अंगठा, आणि आमच्या शाखेत अंगठ्यासोबत ओळखीचा माणूस हवा असायचा, म्हणजे बँकेच्या ओळखीचा. आता डोंगरातल्या बाईच्या ओळखीचं आणि बँकेच्याही ओळखीचं असं माणूस बाजारपेठेत कोण असणार? एकच. ज्याच्या दुकानातून ती पावसाळ्यात मीठ-मिरची उधार आणायची तो दुकानदार. तो यायचा, साहेबांशी दोन शब्द बोलायचा, त्याला चहा मिळायचा. आजी व्हरांड्यात खाली बसलेली. तिच्या अंगठ्याखाली तो सही करायचा. आणि सही करताना पासबुकावरचा आकडा त्याच्या डोळ्यांखालून जायचाच. पैसे हातात पडले की बँकेच्या पायरीवरच हिशोब. तो सांगेल तो हिशोब, कारण वही त्याच्या दुकानात.

बँकेत नावाने ओळखायचे, खरंच आहे. पण कोणाला?

या "वही त्याच्या दुकानात" प्रकरणाला आमच्या भागात मोठा इतिहास आहे. सावकाराची वही सावकाराकडे, कुळाकडे काहीच नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याला लोक उठले आणि पुणे-नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. ते शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण सगळेच शिकलो. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. लोकांचा मुख्य राग माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या मागायचे, मिळाल्या की जाळायचे. आमच्या डोंगरात तर त्याच सुमारास जांभोरीच्या होनाजी केंगल्याने सावकारांविरुद्ध बंड केलं होतं. तिथे मामला कागदांवर थांबला नाही, नाकं कापली गेली.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे. त्या कायद्यात काही कलमं होती, जी मी अलीकडे वाचली आणि खुर्चीत ताठ बसलो. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याने मागो वा न मागो, सावकाराने त्याला पावती दिली पाहिजे, मागितलं तर वर्षाचा हिशोब दिला पाहिजे, आणि त्याचा हिशोब वेळोवेळी पासबुकात लिहून दिला पाहिजे. पासबुक! म्हणजे आपण ज्याला बँकेची चीज समजतो, ते पासबुक आमच्या भागातल्या कुळांना कायद्याने देऊ केलं होतं. तेही घोडेगाव-जुन्नरला राष्ट्रीयीकृत बँक ऐकूनही माहीत नव्हती तेव्हा. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक १९१७ची, बँक ऑफ महाराष्ट्र नोंदली गेली १९३५ साली. ती आणि आणखी तेरा बँका सरकारने घेतल्या १९ जुलै १९६९ला.

आता कायद्यात लिहिलं म्हणून किती कुळांनी सावकाराकडे पासबुक मागण्याची हिंमत केली असेल, ते सोडा. असो.

तर आजी. तिला वाचता येत नव्हतं, पण पासबुक ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कणगीच्या मागे ठेवायची. मला वाटायचं पैशांसाठी जपते. आता वाटतं, तिच्या घराण्यात तिच्या हिशोबाचा कागद तिच्याच घरात असणं ही बहुधा पहिलीच वेळ होती.

एका दिवाळीच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "बाळा, मला माझं नाव काढून दी." लिहून नाही, काढून. मी पाटीवर लिहिलं, ती त्यावरून बोट फिरवायची. मग पेन्सिल. भाताची कापणी, झोडणी चाललेली, आणि रात्री चिमणीच्या उजेडात ही पाटी घेऊन बसलेली. सगळी अक्षरं वेगवेगळ्या उंचीची यायची. वेलांटी तर दर वेळी नव्या बाजूला.

मग आम्ही बँकेत गेलो. दुकानदाराला न सांगता. काउंटरवर एक उंच, चष्मेवाले क्लार्क होते. आजी म्हणाली, "सायब, मला सही येतीया." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. उठले, कार्ड आणलं, आणि तिला व्हरांड्यातून आत बोलावून खुर्चीवर बसवलं. "सावकाश करा आजी. तीनदा करायची."

तीन सह्या, तिन्ही वेगळ्या. कोणाला दाखवल्या असत्या तर तीन बायकांच्या म्हणाला असता. पुढेही पैसे काढताना स्लिपवर चौथीच काहीतरी यायची. ते चष्मेवाले कार्ड काढायचे, स्लिप शेजारी धरायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." बिल्ला द्यायचे. नियमाने बघितलं तर त्यांनी एकदाही पैसे द्यायला नको होते.

दुकानदाराला कळलं तेव्हा तो आजीला एवढंच म्हणाला, "म्हातारे, लई शिकलीस." त्या पावसाळ्यात त्याने उधारी दिली नाही. मीठ आम्ही रोखीने आणलं.

लग्नाहून आल्यावर दोन दिवसांनी आत्याला फोन केला. ती अजून वरच असते. म्हणाली, गावात बँकेचा पोरगा येतो मशीन घेऊन, आधारवर अंगठा लावला की पैसे देतो, बिल्ला नाही, रांग नाही. "पण माझा अंगठाच लागंना बघ. भात लावून लावून रेघा गेल्या. चार वेळा पुसून लावला. मशीन म्हणतं नाही."

"मग?"

"मग काय, म्हणलं सही करते. आईनं शिकवली होती मला. तर पोरगं हसाय लागलं. म्हणतंय, आत्या, सहीला हितं जागाच नाही."