कोर्ट बंद, मग मुदतीचं काय?

अमेरिकेत २०१८-१९ मध्ये ३५ दिवस सरकारी निधी अडला. कोर्टं फीच्या शिलकीवर चालली, पण सरकारी वकिलांनी दिवाणी दाव्यांत स्थगिती मागितली. आपल्याकडे बजेट लांबलं तर कलम २०६ चं लेखानुदान असतं. पैशाअभावी शिवाजीनगर कोर्टाला टाळं लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कामकाज थंडावलं ते कोरोनात. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्या दिवशी दाखल करा, ही सोय १९०८ च्या मुदत कायद्यातही होती. तेवढ्याने भागेना. मग सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. मोठा दिलासा, मान्य. पण तो नवीन दावा किंवा अपील करणाऱ्यांना. ज्यांचा वाटणीचा दावा आधीच पडून होता, त्यांना मिळाली पुढची तारीख.