टेबलावरचे पन्नास किलोमीटर

मायक्रोवेव्ह म्हटले की हल्ली स्वयंपाकघरातली भट्टी डोळ्यांसमोर येते. माझ्या पिढीच्या दूरसंचार अभियंत्यांना मात्र डोंगरमाथ्यावरचे मनोरे आणि त्यांवरच्या मोठ्या डिश आठवतात. या मनोऱ्यांचा इतिहास सांगताना उंची, अंतर, खर्च यांची चर्चा होते. यंत्र मनोऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी प्रयोगशाळेतल्या टेबलावर त्याची जी परीक्षा होई, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

१३ नोव्हेंबर १९४७ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क आणि बोस्टन ही शहरे मायक्रोवेव्हने जोडली गेली. वाटेत सात ठाणी होती. पुढे १७ ऑगस्ट १९५१ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग सुरू झाला. त्यासाठी १०७ मनोरे आणि सुमारे चार कोटी डॉलर लागले. ४ सप्टेंबरला जपानशी करायच्या शांतता तहाच्या परिषदेतले अध्यक्ष ट्रुमन यांचे भाषण याच मार्गाने देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी दिसले.

खरी अडचण होती ती ठाण्यांच्या संख्येची. प्रत्येक ठाणे आलेला संदेश वाढवून पुढे पाठवते आणि त्याबरोबर थोडा खरखराटही पुढे जातो. शंभर ठाण्यांनी प्रत्येकी फक्त एक टक्का गमावला, तरी शेवटी मूळच्या सुमारे ३७ टक्केच उरते. म्हणजे एकेक यंत्र 'बऱ्यापैकी' असून भागत नाही. या मार्गासाठी बेल प्रयोगशाळेतील जॅक मॉर्टन यांनी खास व्हॉल्व्ह तयार केला. त्यातील दोन भागांमधले अंतर केसाच्या जाडीच्या जेमतेम पाव होते. इतकी नाजूक वस्तू पारखल्याशिवाय डोंगरावर कोण नेणार?

परीक्षेची युक्ती साधी आहे. त्या मार्गावर ठाणे अर्धा वॉट शक्ती पाठवी. पुढचे ठाणे सुमारे पन्नास किलोमीटरवर. दोन्हीकडच्या डिशचा फायदा धरूनही तिथे साधारण दशलक्षांश भागच पोहोचे. मग दोन यंत्रे एकाच टेबलावर समोरासमोर ठेवायची आणि मध्ये शक्ती तितकीच कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर जोडायचा. वीतभर लांबीचे ते उपकरण पन्नास किलोमीटर हवेची जागा घेते! ते फिरवत शक्ती आणखी कमी करत जायचे आणि खरखराट कुठे सुरू होतो ते टिपायचे. आम्हीही हेच करत असू. यंत्र सलग चालू ठेवायचे, तापू द्यायचे, पुन्हा मोजायचे आणि आकडे वहीत लिहायचे.

त्या वहीचे मोल डोंगरावर कळते. सह्याद्रीतल्या एका ठाण्यावर आमचा संदेश येत होता, पण अपेक्षेच्या शंभरावा भागच. पावसाळा तोंडावर आलेला. यंत्र उघडावे, असा काहींचा आग्रह होता. समोरचे ठाणे दोन दऱ्या पलीकडे, तिथेही उघडाउघडी झाली असती. वहीतले आकडे मात्र सांगत होते की दोन्ही यंत्रे ठणठणीत आहेत. मग उरली डिश. डिशच्या मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना दुबळे झोत असतात. त्यांतल्याच एकावर ती अडकली होती. मनोऱ्यावर चढलेल्या सहकाऱ्याने ती अंशभर फिरवली आणि मीटरचा काटा हवा तिथे आला.

लांब पल्ल्याचे बहुतेक काम आता प्रकाशतंतूंनी उचलले आहे. तरी मोबाइलच्या कित्येक मनोऱ्यांवर ढोलासारख्या गोल डिश आजही दिसतात. त्या मागचे गणित तेच आहे. टेबलावर बिघाड सापडला तर तासाभराचे काम, डोंगरावर सापडला तर आठवडा जातो. आणि तेवढे दिवस पलीकडच्या गावाचा फोन मुका राहतो.