तोफेची दारू आणि समुद्राची हवा

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग पाहणाऱ्याचें लक्ष तटाबुरुजांकडे जातें. १६६४ च्या नोव्हेंबरांत कुरटे बेटावर या किल्ल्याचें काम सुरू झालें. तेव्हांपासून एका शत्रूशीं त्याची नित्य झुंज होती. तो शत्रु म्हणजे ओलावा.

तोफेची दारू सोरा, गंधक व कोळसा यांची होते. अशुद्ध सोरा हवेंतील पाणी ओढून घेतो. सर्दावलेल्या दारूनें गोळा जवळच पडतो. मग अधीर गोलंदाज माप वाढवितो. आणि पुढें तेंच माप कोरड्या दारूचें भरलें गेलें, तर तोफ फुटून त्याचाच घात होतो. म्हणून आधीं दारू कोरडी व एकसारखी, मग माप. आणि तेंही थोड्यापासून चढत्या क्रमानें, हाच सुरक्षित मार्ग.

रामचंद्रपंत अमात्यांच्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत हें शहाणपण दिसतें. दारूखाना घरांपासून दूर असावा. आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावें व पुन्हां मोहोर करून ठेवावी, असें त्यांत सांगितलें आहे.

अंतर न राखल्यास काय होतें, तें याच किनाऱ्यावर विजयदुर्गास दिसलें. १७५६ च्या फेब्रुवारींत इंग्रजांच्या गोळ्यानें एक जहाज पेटलें आणि दाटीनें उभें असलेलें तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळून गेलें.

तोफ डागणाऱ्याचें नांव पोवाड्यांत येतें. दारूला ऊन देणाऱ्या हवालदाराचें येत नाहीं. परंतु गड राखण्यांत त्याचाही वांटा होता.