चिरेची ताकद

तळेगाव-चाकण रस्ता आज ट्रकांनी भरलेला असतो. त्याच्या एका टोकाला, तळेगाव दाभाड्याला, १९०८ मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने वर्गणी जमवली, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली मुलं काचकाम शिकली.

काच वितळवण्यापेक्षा ती थंड करणं जिकिरीचं. घाई केली तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि ही ओढाताण काचेत कायमची राहते. भांडं दिसायला छान. पण एखाद्या दिवशी ठेवल्या जागी तडकतं. म्हणून तयार माल मंद आचेच्या भट्टीतून हळूहळू बाहेर काढतात.

कारागिरांना हे अनुभवाने ठाऊक होतं. चिरांचं गणित १९२० साली इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी मांडलं. अणूंच्या बंधांचा हिशेब केला तर काच आहे त्याच्या कितीतरी पट मजबूत हवी. मग ती ताकद जाते कुठे? डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांत. लोखंड वाकून ताण सोसतं. काच आणि सिरॅमिक वाकत नाहीत. तुकड्यातली सर्वांत घातक चीर जेवढं सोसेल, तेवढंच तो सोसतो. या चिरा बहुधा घडवतानाच पडलेल्या असतात.

आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी चाळणी आली. यातल्या काही चाळण्या चक्क भाजलेल्या मातीच्या असतात! चिनी माती, शंखजिरे आणि अॅल्युमिना यांचा गोळा, चकलीच्या सोऱ्यातून काढावा तसा, जाळीदार साच्यातून दाबतात, सुकवतात आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. तयार होतं ते कॉर्डिअराइट.

खरी पंचाईत इथे आहे. धूर भिंतीतून आरपार जायचा तर भिंतीला छिद्रं हवीत, आणि छिद्र म्हणजे कमजोरी. छिद्रांसाठी मिसळलेला स्टार्च भट्टीत जळून जातो. त्याची एक गुठळी राहिली की तिथे मोठं भगदाड. आच भराभर चढवली तर जळणाऱ्या स्टार्चच्या वायूने भिंत तडकते. पुढे गाडीत साचलेली काजळी जाळताना चाळणीचा एक भाग सहाशे अंशांवर जातो, दुसरा त्या मानाने थंडच. म्हणजे तळेगावचीच ओढाताण! कॉर्डिअराइट ती सोसतं, कारण तापल्यावर ते फारच थोडं फुगतं. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की त्यात साच्याचाही वाटा आहे: दाबताना मातीचे चपटे कण भिंतीलगत आडवे होतात आणि स्फटिक त्याच बेताने वाढतात.

चाळणीला आतून तडा गेला तर काजळी सरळ सायलेन्सरमधून बाहेर पडते, चाकणच्या चौकात खोळंबलेल्या दुचाकीवाल्यांच्या तोंडावर.