तुकोबांची गाथा आणि मुंबईचा छापखाना

बोरिवली, गोरेगावकडून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये भजनी मंडळींनी टाळ काढले की तुकोबांचा अभंग आल्याशिवाय राहत नाही. हे शब्द मुंबईत रुजवले वारकऱ्यांनी आणि कीर्तनकारांनी. मात्र ते तपासून, एकत्र करून वाचकांच्या हाती दिले ते याच शहरातल्या एका छापखान्याने. ही कामगिरी आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे.

तुकाराम १६५० मध्ये गेले. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी अभंग उतरवून ठेवले, याचे मोल त्या कथेइतकेच मोठे आहे. पुढची दोनशे वर्षे गाथा जगली ती अशा हस्तलिखितांत आणि लोकांच्या कंठात.

१८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्यासारख्या त्याच्या धुरीणांना तुकोबांच्या वाणीत स्वतःच्या धर्मविचाराचा आधार सापडला. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला खंड निघाला. दुसरा १८७३ मध्ये. मुंबई सरकारने त्यासाठी २४,००० रुपये दिले होते. संपादक होते विधवाविवाहासाठी झगडणारे विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथली हस्तलिखिते जमवून त्यांनी पाठभेद लावले आणि साडेचार हजारांहून अधिक अभंग सिद्ध केले. वेदार्थ प्राकृतात सांगण्याचा अधिकार शूद्राला नाही, असे ज्या कवीला बजावले गेले, त्याच्या एकेका शब्दासाठी दोन संस्कृत पंडित पोथ्या पडताळत बसले. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईने केलेल्या मोठ्या कामांत याची गणना व्हायला हवी.

पडद्यावरचे तुकोबा १९३६ मध्ये आले. विष्णुपंत पागनीस यांची भूमिका असलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी लिहिला होता. तो इतका अस्सल उतरला की अनेकांनी तुकोबांचाच समजला.

तुकोबांच्या निर्याणाला ३०० वर्षे झाली तेव्हा, १९५० मध्ये, मुंबई सरकारने पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह गाथा पुन्हा छापली.