जेन ऑस्टिनचे घर, चॉटन

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात, ऑल्टन शहराजवळील चॉटन खेड्यातले सतराव्या शतकातील लाल विटांचे घर. वारसायादीत प्रथम श्रेणी. कादंबरीकार जेन ऑस्टिन (१७७५–१८१७) आई, थोरली बहीण कॅसँड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड यांच्यासह १८०९ पासून येथे राहिली. मे १८१७ मध्ये ती उपचारांसाठी विंचेस्टरला गेली आणि जुलैत तिथेच वारली.

लंडनहून येणारा रस्ता विंचेस्टर आणि गॉस्पोर्टकडे फुटतो, त्या तिठ्यावरच घर आहे. दोन मजले, वर पोटमाळा, कौलारू छप्पर. काटकोनात वळलेल्या या इमारतीच्या दर्शनी भागात शोभेचे काम जवळजवळ नाही. वीट आणि खिडक्यांची मांडणी एवढाच तिचा थाट. येथे काही काळ सराई होती आणि नंतर जमीनदारीचा कारभारी राहत असे. दार थेट रस्त्याकडे उघडते. उधळलेली घोडागाडी भिंतीवर आदळू नये म्हणून पुढे अरुंद कुंपण घातलेले असे.

घराचा मालक असलेला जेनचा भाऊ एडवर्ड याने आई-बहिणींसाठी येथे केलेला बदल या वास्तूत सर्वांत लक्षणीय आहे. दिवाणखान्याची रस्त्याकडची मोठी खिडकी त्याने बुजवून टाकली; आतून त्या जागी पुस्तकांचे कपाट आले. उजेडासाठी बागेच्या बाजूला टोकदार गॉथिक कमानीची नवी खिडकी काढली. सराईला वाटसरूंची नजर हवी असते, घरातल्या बायकांना ती नको असते. तोंड रस्त्याकडून बागेकडे फिरलेले हे घर नीट कळायचे तर आधी ती बुजवलेली चौकट पाहावी.

घरातल्या एका दाराची कुरकुर जेनने दुरुस्त करू दिली नाही, असे तिच्या भाच्याने १८७० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहिले आहे. कुणी येत असल्याची वर्दी त्या आवाजाने मिळे आणि लिहिलेले कागद वेळेत झाकता येत. तिच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चारही कादंबऱ्यांना अखेरचे रूप येथेच मिळाले. तिचे अक्रोडाच्या लाकडाचे, बारा बाजूंचे इवलेसे मेज आजही येथे आहे. त्यावर एक कागद आणि दौत मांडली की फारशी जागा उरत नाही.

१८४५ मध्ये कॅसँड्रा वारल्यावर घराचे तुकडे पाडून मजुरांची बिऱ्हाडे वसवली गेली. पुढे टी. एडवर्ड कार्पेंटर यांनी दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ ते विकत घेतले. १९४९ पासून ते संग्रहालय आहे. बुजवलेल्या खिडकीची जागा रस्त्यावरून अजूनही ओळखू येते.