सुटे भाग, मोठी गणिते

संगणक नामांकित कंपनीचा घ्यावा, की सुटे भाग आणून जुळवून घ्यावा? हा प्रश्न शाळेच्या संगणक-कक्षापुरता नाही. आम्हा संशोधकांनाही तो पडत आला आहे आणि त्याच्या उत्तराला एक इतिहास आहे.

१९९० च्या सुमारास मोठ्या वैज्ञानिक गणितांसाठी महासंगणक लागे. तो मोजक्याच कंपन्या बनवत आणि किंमत लाखो डॉलरच्या घरात असे. १९९४ साली अमेरिकेत नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी वेगळा मार्ग धरला. साध्या पीसीत असणारे ४८६ जातीचे १६ प्रोसेसर त्यांनी इथरनेटने जोडले आणि त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चालवली. या जुळणीचे नाव ‘बेओवुल्फ’.

अडचण लगेच आली. प्रोसेसर भराभर गणिते करत, पण त्यांची उत्तरे वाहून नेण्यास एक तार अपुरी पडे. वेगवान जाळे महाग होते. तेव्हा माहिती एकाहून अधिक तारांवर वाटून पाठवण्याची सोय बेकर यांनी लिनक्समध्ये केली. एक रस्ता रुंद करण्याऐवजी शेजारी दुसरा काढावा, तसे हे झाले.

पुढे गूगलने हीच वाट धरली. १९९९ साली त्यांनी एकेका ट्रेमध्ये चार उघडे मदरबोर्ड बसवले. खाली विद्युतरोधक म्हणून बुचाचा थर! गूगलच्या अभियंत्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला हिशेब बोलका आहे. १७६ प्रोसेसर असलेली साध्या संगणकांची मांडणी सुमारे २,७८,००० डॉलरना पडे. तर अवघ्या ८ प्रोसेसरांचा मोठा सर्व्हर सुमारे ७,५८,००० डॉलरना!

मग महाग सर्व्हर कोणी घ्यावाच कशाला? त्या किमतीत भरवसाही असतो, म्हणून. गूगलने तो भरवसा प्रोग्रॅममधून मिळवला. माहितीच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवल्या. एक बंद पडला की दुसरा काम उचलतो.

परंतु बंद पडलेला संगणक निदान कळतो. मेमरीतला एखादा बिट गुपचूप उलटला तर संगणक चालू राहतो आणि उत्तर मात्र चुकते. यावर उपाय सोपा आहे. दर ८ बिटांमागे एक जादा बिट ठेवून १ या अंकांची एकूण संख्या सम राखायची. एक बिट उलटताच ती विषम होते. (हा खेळ वर्गात पत्त्यांवर करून पाहता येईल.) चूक पकडून दुरुस्तही करणारी मेमरी याच कल्पनेचा विस्तार आहे. गूगलच्या संगणकांवरील २००९ च्या एका अभ्यासात, वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत चुका आढळल्या. म्हणजे ही चैन नव्हे.

सुटे भाग जुळवताना पैसे वाचतात, पण कंपनीची जबाबदारी आपल्याकडे येते. ती पेलणारी माणसे आणि माहितीची दुसरी प्रत असेल, तर जुळणी खुशाल करावी. मुलांचे गुण एकाच संगणकात असतील, तर तो कोणत्या कंपनीचा आहे हे विचारण्याआधी दुसरी प्रत कुठे आहे, ते विचारावे.